सागरसीमेवरचा संसार

(अमरावती येथे माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या भाषणाचा लेखी पाठ)



वऱ्हाडचा माणूस समुद्रापासून फार दूर राहतो. अमरावतीहून किंवा अकोल्याहून निघालेली गाडी रात्रभर धावते, तेव्हा कुठे सकाळी मुंबईच्या खाऱ्या वाऱ्याचा वास येतो. इथल्या माणसाला पाणी म्हणजे पूर्णा, वर्धा, मोर्णा आणि पेढी. उन्हाळ्यात त्यांतही वाळूच अधिक दिसते. अशा प्रदेशात बसून बंगालच्या उपसागरातील एका बेटाची गोष्ट ऐकायची, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी एक काळी पत्र्याची पेटी आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा आणि क्रमांक लिहिलेला आहे. ती पेटी जम्मूला गेली, तेजपूरला गेली, जैसलमेरला गेली आणि एके दिवशी परत येऊन माजघराच्या कोपऱ्यात विसावली. आजची गोष्ट अशाच पेट्यांची आहे. फरक इतकाच, की त्या पेट्या गावी परतल्या नाहीत.

भारताचा सर्वांत दक्षिणेचा बिंदू कोणता, असे शाळेत विचारले तर निम्मी मुले आजही कन्याकुमारी म्हणतात. मुख्य भूमीपुरते ते बरोबर आहे. पण देशाची भूमी तिथे संपत नाही. ती संपते ग्रेट निकोबार बेटाच्या दक्षिण टोकाला, इंदिरा पॉइंट येथे. विषुववृत्ताच्या उत्तरेस सात अंशांहूनही कमी अंतरावर हे ठिकाण आहे. तिथून इंडोनेशियाचे सुमात्रा बेट दीडशे किलोमीटरच्या आसपास, तर मद्रास शेकडो कोस मागे. अंदमानच्या राजधानीचे शहर, जे २०२४ पर्यंत पोर्ट ब्लेअर म्हणून ओळखले जात होते आणि आता ज्याचे नाव श्री विजयपुरम आहे, तेही समुद्रमार्गे पाचशे किलोमीटरहून अधिक दूर. या बेटाच्या दक्षिणेकडून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी जहाजे रात्रंदिवस ये-जा करतात. पूर्व आशियाचे तेल आणि व्यापार याच वाटेने जातो. अंदमान म्हटले की मराठी मनासमोर सेल्युलर जेल आणि स्वातंत्र्यवीर सावरकर उभे राहतात. १९११ साली सावरकर तिथे नेले गेले. त्या कोठड्यांनी मराठी माणसाचे अंदमानशी नाते जोडले. परंतु ते नाते पोर्ट ब्लेअरपाशी थांबले. त्याच्याही दक्षिणेला देश आहे, तिथेही मराठी घरे आहेत, याची जाणीव फार थोड्यांना आहे.

आता १९६५ सालाकडे वळावे लागते. पाकिस्तानशी युद्ध चालू होते. त्या वेळी इंडोनेशियात सुकार्नो यांची राजवट होती आणि तिचा कल उघडपणे पाकिस्तानकडे होता. पाकिस्तानचे माजी हवाईदलप्रमुख असगर खान यांनी आपल्या पुस्तकात जकार्ता भेटीचा वृत्तान्त दिला आहे. तिथल्या नौदलप्रमुखांनी अंदमान-निकोबार ताब्यात घेण्याचा विषय त्यांच्यापुढे काढला, असे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात तसे काही घडले नाही. परंतु दिल्लीला एक गोष्ट स्पष्ट दिसली. ग्रेट निकोबारसारख्या मोठ्या बेटावर निकोबारी आणि शोंपेन या जनजातींची मोजकी माणसे वगळता कोणी राहत नव्हते. किनारा मैलोन्‌मैल मोकळा होता. कोणी परके येऊन उतरले असते, तर ते कळायलाही दिवस गेले असते.

यावर उपाय म्हणून सरकारने मोठी छावणी उभारली नाही. संसार उभे करायचे ठरवले. १९६९ पासून १९८० पर्यंत टप्प्याटप्प्याने सुमारे ३३० माजी सैनिकांची कुटुंबे ग्रेट निकोबारच्या आग्नेय किनाऱ्यावर वसवण्यात आली. पंजाबचे होते, केरळ-तामिळनाडूचे होते, आंध्रचे होते, उत्तर प्रदेश-बिहारचे होते आणि महाराष्ट्राचेही होते. कॅम्पबेल बे, गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर आणि शास्त्रीनगर, अशी गावे किनाऱ्याने एका रांगेत उभी राहिली. सीमा सडक संघटनेने जंगल कापून रस्ता काढला. रस्त्याच्या कडेने जमीन साफ झाली आणि घरे आली.

१९६९ हे साल वऱ्हाडच्याही स्मरणातले आहे. त्याच वर्षी अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले. वऱ्हाडच्या काळ्या मातीत कापूस, ज्वारी, तूर अधिक कशी पिकवावी, याचा शास्त्रशुद्ध विचार तिथे सुरू झाला. नेमक्या त्याच वर्षी हजारो किलोमीटरवर काही निवृत्त जवान हातात कोयता घेऊन अशा मातीसमोर उभे होते, जिच्याविषयी त्यांना काहीही ठाऊक नव्हते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज त्याच्या आदल्या वर्षी, १९६८ साली, मोझरी येथे ब्रह्मलीन झाले होते. चीन आणि पाकिस्तानशी झालेल्या युद्धांच्या काळात ते सीमेवर जाऊन जवानांना धीर देऊन आले होते. गाव कसे असावे, याचा विचार त्यांनी ‘ग्रामगीते’त मांडला. निकोबारच्या किनाऱ्यावर तर गाव नावाची वस्तूच शून्यापासून घडवायची होती. पाटील नाही, पार नाही, विहीर नाही, देऊळ नाही. शेजारी आहे, पण त्याची भाषा वेगळी.

त्या घरांचे रोजचे जगणे कसे असेल, ते समजून घ्यायचे तर वऱ्हाडातल्याच घरापासून सुरुवात करावी. इथे वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही लहरीने. तिथे तीन हजारांच्या घरात पडतो. नैर्ऋत्येचा पाऊस संपतो न संपतो तोच ईशान्येचा येतो. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपार जातो. तिथे बाराही महिने उकाडा आहे, पण तसा उन्हाळा नाही. आणि उन्हाळा नाही म्हणजे काय, हे पुरुषाला लवकर कळत नाही. घरातल्या बाईला पहिल्याच वर्षी कळते. वऱ्हाडी गृहिणीचे वर्ष चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हावर उभे असते. कुरडया, सरगुंडे, मुगवड्या, पापड, वर्षभराचे तिखट, डाळी, सारे त्या उन्हात वाळवायचे आणि डबे भरायचे. पावसाळ्यात भाजी नसली तरी घर अडत नाही. दमट बेटावर घातलेले वाळवण वाळण्याआधी बुरसते. मिठाला पाणी सुटते. पिठात अळ्या होतात. ठेवणीतल्या साड्यांना बुरशी येते. ज्या पत्र्याच्या पेट्यांनी हिमालयातला बर्फ सोसला, त्या खाऱ्या वाऱ्याने गंजतात. पिढ्यान्‌पिढ्या आईने लेकीला दिलेली साठवणीची विद्या तिथे निरुपयोगी ठरते आणि पंचविशी-तिशीतल्या बाईला नव्याने शिकावे लागते. ओला नारळ, ताजी मासळी, भात, अंगणातला पपई-केळीचा घड हाच तिथला रोजचा आधार. ज्वारीची भाकर सणासुदीचा पदार्थ होऊन बसते, कारण ज्वारी जहाजाने येते.

जहाज हा त्या जीवनाचा कणा आहे. इथे आठवड्याचा बाजार असतो. तिथे जहाजाचा दिवस असतो. धान्य, औषधे, रॉकेल, कापड, शाळेची पुस्तके, पत्रे, मनिऑर्डरी, सारे जहाजातून. समुद्र खवळला तर जहाज लांबते. जहाज लांबले तर बटाटे-कांदे संपतात, घरोघर उसनवारी चालते. गावाकडून आलेली तार हाती पडेपर्यंत तिकडचे तेरावे उरकलेले असे. आई गेल्याची बातमी मुलीला अशी मिळणे, ही त्या पहिल्या पिढीची साधीसुधी वस्तुस्थिती होती. प्रसूतीची वेळ अडली किंवा मुलाचा ताप डोक्यात गेला, तर मोठे रुग्णालय समुद्रापलीकडे. मलेरिया घरचाच होता. आघाडीवर लढणाऱ्या जवानामागे निदान तळावरचा दवाखाना आणि पलटण असते. इथे पलटण म्हणजे शेजारची पंजाबी भाभी आणि समोरची मल्याळी अम्मा.

घड्याळाचीही एक गंमत आहे. सबंध देशाची वेळ एकच. परंतु ग्रेट निकोबार अमरावतीच्या सुमारे सोळा अंश पूर्वेला आहे. त्यामुळे तिथे सूर्य इथल्यापेक्षा तासाभराहून अधिक आधी माथ्यावर येतो. पहाटे पाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला अंधारू लागते. वऱ्हाडातला शेतकरी ज्या वेळी रानातून परतायला निघतो, त्या वेळी तिथे दिवेलागण होऊन गेलेली असते. पहिल्या वर्षांत वीज नव्हती, अशा घरात त्या लांबच लांब रात्री कंदिलाच्या उजेडात काढायच्या. बाहेर जंगलाचा आवाज आणि समुद्राचा आवाज. वाळवंटात किंवा बर्फात रात्री जागलेल्या जवानाला ते जड गेले नसेल. पण सासर-माहेरच्या गजबजलेल्या वाड्यातून आलेल्या बाईने त्या रात्री कशा काढल्या असतील, याची नोंद कोणत्याही फाइलीत नाही.

शेतीची कथा तशीच. जमीन मिळाली, पण ती जमीन म्हणजे जंगल होते. महाकाय झाडे तोडायची, बुंधे काढायचे, आणि मग काय लावायचे ते शोधायचे. भाताचे प्रयोग झाले. खरी साथ दिली ती नारळ-सुपारीने. परंतु उंच जातीचा नारळ फळाला यायला सहा-सात वर्षे घेतो. चाळिशीत निवृत्त झालेला हवालदार रोप लावतो तेव्हा पहिले फळ पाहायला त्याला पन्नाशीची वाट पाहावी लागते. तोवर पेन्शन, रस्त्यावरची मजुरी आणि सरकारी शिधा. फळे धरू लागली की माकडांच्या टोळ्या येतात. निकोबारची लांब शेपटीची माकडे नारळाच्या बागांचे किती नुकसान करतात, हे त्या बेटावरच्या कोणत्याही बागायतदाराला विचारावे. नद्यांच्या मुखाशी खाऱ्या पाण्यातल्या मगरी. वऱ्हाडात पऱ्हाटीवर बोंडअळी येते तशी तिथली ही संकटे. अळीवर फवारणी तरी करता येते. मगरीपुढे सावधपणाखेरीज इलाज नाही.

इतके सोसून माणसे तिथे का राहिली? कोणी म्हणेल, जमिनीच्या लोभाने. तसे असते तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच बेट रिकामे झाले असते. काही परतलेही, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. जे राहिले, त्यांच्या मनात सैन्यातला एक जुना संस्कार होता. नेमून दिलेली चौकी सोडायची नाही. गणवेश उतरला तरी हा संस्कार उतरला नाही. आणि त्यांच्या घरच्या स्त्रियांनी तो गणवेश कधी घातलाच नव्हता, तरी चौकी त्यांनीही सोडली नाही. आपल्या परंपरेत गृहस्थाश्रमाला सर्व आश्रमांचा आधार मानले आहे, कारण इतर सारे त्याच्या अन्नावर जगतात. निकोबारमध्ये या विचाराला एक नवा अर्थ आला. तिथे गृहस्थाश्रम हाच सीमारक्षणाचा आधार झाला. जिथे चूल पेटते, मूल शाळेत जाते, तुळशीपुढे दिवा लागतो, तिथे हा देश कोणाचा, असा प्रश्न कोणी विचारत नाही.

त्या गावांची आणखी एक कमाई आहे. शीख, तमिळ, मल्याळी, तेलुगू, मराठी, बिहारी अशी घरे एका रांगेत आली तेव्हा त्यांना जोडणारी भाषा कोणी वरून लादली नाही. पलटणीतली हिंदी गावाची हिंदी झाली. मुलांनी एकत्र बाराखडी गिरवली. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात सारे बसले, देवळातल्या आरतीला सारे आले. वऱ्हाडात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा आंबील, कथली, सोळा भाज्या लागतात. बेटावर सोळा भाज्या कुठून येणार? अशा वेळी परंपरा मोडत नाही. ती हाती असलेल्या वस्तूंतून मार्ग काढते. जे परसात आहे त्याचाच नैवेद्य होतो. देशाच्या एकात्मतेवर इथे परिसंवाद होतात. तिथे ती एकमेकींना विरजण देण्याघेण्यातून झाली.

या वसाहतीबरोबर एक मर्यादाही पाळायची होती, तिचाही उल्लेख व्हायला हवा. बेट मोकळे नव्हते. निकोबारी आणि शोंपेन हे त्या भूमीचे आद्य रहिवासी. १९५६ च्या नियमानुसार जनजातींसाठी राखीव क्षेत्रे निश्चित होती आणि बाहेरच्यांना तिथे शिरकाव नव्हता. शोंपेन तर संख्येने इतके थोडे, की २०११ च्या जनगणनेत त्यांची नोंद अवघी २२९ होती. बाहेरचा एखादा साथीचा आजार त्यांच्या वस्तीत शिरला तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी. वनवासी बंधू हा आपल्याच समाजपुरुषाचा अवयव आहे, असे मानणाऱ्यांनी त्याच्या अंगणाचा मान राखणे हाही राष्ट्रधर्मच आहे.

आणि मग २६ डिसेंबर २००४ ची सकाळ आली. रविवार होता. सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला तेव्हा भारताची त्याला सर्वांत जवळची भूमी हीच होती. सहा वाजून गेले होते, बेटावर केव्हाच उजाडले होते. जमीन हादरली आणि काही मिनिटांतच समुद्र आत आला. पस्तीस वर्षे ज्या किनाऱ्याला लागून गावे वसली होती, तोच किनारा त्यांच्यावर चालून आला. घरे गेली, माणसे गेली, वाढवलेल्या बागा गेल्या. इंदिरा पॉइंटची भूमी सव्वाचार मीटरच्या आसपास खचली. १९७२ साली उजळलेले दीपगृह एका सकाळीत पाण्यात उभे राहिले. दक्षिणेकडे जाणारा रस्ता तुटला. कार निकोबारच्या हवाई तळावर वायुदलाच्या शंभराहून अधिक जवानांचा आणि त्यांच्या कुटुंबीयांचा बळी गेला. सबंध द्वीपसमूहात मृत आणि बेपत्ता यांची अधिकृत संख्या साडेतीन हजारांच्या आसपास पोहोचली.

युद्धात पडलेल्या जवानाचे नाव स्मारकावर कोरले जाते. त्याच्या गावी चौक होतो, शाळेला नाव दिले जाते. अमरावती-अकोल्याच्या अनेक गावांत असे चौक आहेत आणि ते असलेच पाहिजेत. त्या सकाळी निकोबारच्या किनाऱ्यावर जी माजी सैनिकांची कुटुंबे वाहून गेली, तीही राष्ट्राने नेमलेल्या जागेवरच होती. पण त्यांचे नाव कोणत्या चौकाला आहे?

वाचलेल्यांना पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत ठेवण्यात आले. विषुववृत्ताजवळच्या उन्हात पत्र्याखाली राहणे म्हणजे काय, हे वऱ्हाडच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. ‘तात्पुरते’ हा शब्द कित्येक वर्षे टिकला. पुढे पक्की घरे बांधून मिळाली. परंतु मूळ गावे आणि बागा यांच्यापासून ती दूर होती. बागायतदाराचे घर बागेपासून तुटले की तो बागायतदार राहत नाही, मजूर होतो. आणि जी जमीन खचून समुद्राखाली गेली, ती तर कोणत्याही कागदावर परत येत नाही. काही कुटुंबे मुख्य भूमीवर परतली. २००१ साली निकोबार जिल्ह्याची लोकसंख्या ४२ हजारांवर होती, ती २०११ साली ३७ हजारांच्या आत आली. देशभर लोकसंख्या वाढत असताना, जिथे माणसे असणे राष्ट्राला हवे होते, नेमक्या त्याच जिल्ह्यात ती घटली.

तरीही बरीच घरे राहिली. पहिल्या पिढीतले बहुतेक आता नाहीत. त्यांची नातवंडे त्या बेटाला ‘गाव’ म्हणतात आणि आजोबांच्या जिल्ह्याचे नाव आधार कार्डावरही लिहीत नाहीत. २००१ साली अंदमान-निकोबारला तिन्ही दलांची संयुक्त कमान स्थापन झाली. ३१ जुलै २०१२ रोजी कॅम्पबेल बे येथे नौदलाचा ‘आयएनएस बाझ’ हा तळ कार्यान्वित झाला. २०२० साली चेन्नईहून टाकलेली सागरी तार ग्रेट निकोबारपर्यंत पोहोचली आणि ज्या घराला आईच्या मृत्यूची बातमी तेराव्यानंतर मिळत असे, त्या घरी आता नातू आजीचा चेहरा पाहून बोलतो. नौदलातली तरुण कुटुंबे दोन-तीन वर्षांसाठी तिथे येतात आणि बदली झाली की जातात. तळ उभा राहिला म्हणून ती जुनी घरे अनावश्यक झाली, असे कोणी समजू नये. तळाला दूध, नारळ, कामगार, शिक्षक, वाटाड्या आणि समुद्राची जाण देणारी वस्ती तीच आहे. तळाची माणसे बदलत राहतात, वस्ती तिथेच असते.

आज त्या वस्तीपुढे नवा प्रश्न आहे. ग्रेट निकोबारच्या विकासाच्या मोठ्या प्रकल्पाला २०२२ साली पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. गॅलाथिया खाडीत आंतरराष्ट्रीय बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नगर, असे त्याचे स्वरूप आहे. मलाक्काच्या तोंडाशी भारताचे बंदर असावे, हे सामरिक दृष्टीने किती महत्त्वाचे आहे, ते या सभेला सांगण्याची गरज नाही. चीनच्या जहाजांचा वावर ज्या समुद्रात वाढतो आहे, तिथे भारताने स्वस्थ बसून चालणार नाही. परंतु विमानतळासाठी ज्या भागाचा विचार झाला, तो गांधीनगर-शास्त्रीनगरचा आहे. म्हणजे ज्यांना राष्ट्राने १९६९ नंतर तिथे बोलावून नेले, ज्यांचे २००४ साली समुद्राने नेले, त्यांच्याच उरल्यासुरल्या जमिनीचा हा तिसरा प्रसंग. त्सुनामीनंतर आपल्या मूळ गावांपासून दूर राहावे लागलेल्या निकोबारी बांधवांची परतण्याची इच्छा आहे, तिचाही यात विचार व्हायला हवा. कासवांच्या विणीचा किनारा आणि तिथले अरण्य यांचा विषय न्यायालयांत आणि तज्ज्ञांपुढे गेला आहे. त्याची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी.

आजच्या सभेपुरता प्रश्न एवढाच आहे, की सैनिकाने राष्ट्राच्या शब्दावर घर बांधले तर राष्ट्राने तो शब्द किती पिढ्या पाळायचा? बाजारभावाने त्या जमिनीचे मोल करायचे ठरवले तर ते नगण्य येईल, कारण त्या जमिनीला बाजारच नव्हता. तिची किंमत एकच होती: तिथे कोणीतरी राहिले. ज्या गोष्टीची किंमत राहण्याने दिली गेली, तिचा मोबदला केवळ एकरांत मोजता येत नाही. प्रकल्प व्हावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनीच हा आग्रह आधी धरला पाहिजे. जमिनीच्या बदल्यात जमीन, नव्या बंदरात आणि नगरात पहिल्या हक्काचे स्थान, मुलांना तिथल्याच कामांचे शिक्षण, आणि समुद्राखाली गेलेल्या जमिनीचा न्याय्य हिशेब. सीमेवर वसायला जाणारा उद्याचा माणूस आज या कुटुंबांना काय मिळते, ते पाहूनच निर्णय घेईल. अरुणाचल आणि लडाखच्या सीमेवरची गावे पुन्हा भरावीत म्हणून सरकार प्रयत्न करीत आहे. त्या गावांतल्या तरुणालाही निकोबारचे उत्तर ऐकू जाणार आहे.

वऱ्हाडने या कामात काय करावे? या भूमीला दूरच्या सागरकिनाऱ्याशी नाते जोडण्याची सवय आहे. कन्याकुमारीच्या शिलास्मारकासाठी देश पिंजून काढणारे एकनाथजी रानडे याच अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे. कधी समुद्र न पाहिलेल्या गावात जन्मलेल्या माणसाने देशाच्या दक्षिण टोकाच्या समुद्रातील खडकावर राष्ट्राचे स्मारक उभे केले. त्यांनी स्थापन केलेल्या विवेकानंद केंद्राच्या शाळा आज अंदमानच्या बेटांवरही चालतात. त्याच वाटेने पुढे जायचे आहे. इथल्या माजी सैनिकांच्या संघटनांनी निकोबारच्या वसाहतीतील मराठी आणि इतर कुटुंबांशी पत्रव्यवहार सुरू करावा. तिथून उच्च शिक्षणासाठी येणाऱ्या मुलामुलींना अमरावती-अकोल्यातल्या वसतिगृहांत आणि घरांत जागा द्यावी. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या एखाद्या तरुणाने चार महिने त्या बेटावर जाऊन बागायतदारांबरोबर काम करावे. सहलीला अंदमानला जाणाऱ्यांनी सेल्युलर जेलपुढे मस्तक नमवावे आणि त्या जेलच्या दक्षिणेलाही आपली माणसे राहतात, हे मुलांना सांगावे. आणि माजी सैनिकांच्या मेळाव्यात जेव्हा वीरमाता आणि वीरपत्नींचा सत्कार होतो, तेव्हा त्या नामावलीत समुद्राकाठच्या या स्त्रियांचेही स्मरण व्हावे.

इंदिरा पॉइंटचे दीपगृह त्या सकाळी पाण्यात गेले, पण पडले नाही. पाय समुद्रात रोवून ते उभे आहे. त्याच्या उत्तरेला, तुटलेल्या रस्त्याच्या अलीकडे, काही घरे आहेत. इथे अजून ऊन असते तेव्हा तिथे अंधार पडलेला असतो आणि कोणीतरी सून तुळशीपुढे दिवा लावीत असते. तिच्या आजेसासूने तिथे पहिला दिवा लावला तेव्हा भोवती जंगलाखेरीज काही नव्हते. त्या दिव्यात तेल घालणे हे एकट्या त्या घराचे काम नाही.

भारत माता की जय.